लेकीसाठी सोलापुरात बॅलेचा क्लास शोधताना

गेल्या दिवाळीत आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीने मोबाईलवर कुठेतरी बॅले पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून घरभर चवड्यांवर चालायला लागली. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, तिथून गॅलरीत, दोन्ही हात डोक्यावर गोल धरून. सासूबाई म्हणाल्या, "एवढी हौस आहे तर घाला की क्लासला." हे म्हणाले, "घालू, पण बॅले शिकवतं कोण आपल्या गावात?" त्या प्रश्नामागे मी चार महिने फिरले. जुळे सोलापूर, होटगी रोड, सात रस्ता, नवी पेठ, अशोक चौक. पाच क्लास आत जाऊन पाहिले, सहावा पक्का केला. तुमच्या घरीही असं चवड्यांवर चालणारं कोणी असेल, तर ही पायपीट कमी व्हावी म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती आधीच सांगते. या वयाला पाटीवर 'बॅले' लिहिलेलं आहे की नाही याने फारसं बिघडत नाही. शिकवणाऱ्याला तीन-चार वर्षांचं मूल कळतं का आणि ते मूल ज्या जमिनीवर उड्या मारणार आहे ती कशी आहे, या दोन गोष्टी मात्र चुकल्या की सगळंच चुकतं.

आधी समजून घ्या, या वयात बॅले म्हणजे काय

बॅले इटलीतल्या दरबारांत जन्मला आणि फ्रान्समध्ये वाढला. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली, आणि आजही जगात कुठेही शिका, शब्द फ्रेंचच राहतात. गुडघे वाकवणं म्हणजे प्लीए, पाय जमिनीवरून सरकवत ताणणं म्हणजे तॉन्द्यू, टाचा उचलणं म्हणजे रलव्हे. लंडनची रॉयल अकादमी ऑफ डान्स ही संस्था १९२० सालची. तिच्या परीक्षांचा अभ्यासक्रम आपल्या देशातही शिकवला जातो. त्यातली प्री-प्रायमरी ही पायरी पाच वर्षांपासून सुरू होते, प्रायमरी सहापासून. रशियातली नावाजलेली वॅगानोव्हा अकादमी तर मुलं घेते तीच दहाव्या वर्षाच्या आसपास.

म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलासाठी जो 'बॅले' असतो तो खरं तर संगीतावरचा खेळ असतो. धावायचं आणि संगीत थांबलं की थांबायचं. बोटांवर उभं राहायचं, मग मांडी घालून बसायचं. फुलपाखरू व्हायचं, मांजर व्हायचं. या खेळातून मूल ऐकायला शिकतं, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं, आपला उजवा पाय कुठला ते शिकतं. कोणी तुम्हाला तीन वर्षांच्या मुलीचा 'परफेक्ट बॅले' करून देतो म्हणालं, तर तिथूनच परत फिरा.

"आत्ता घातलं नाही तर उशीर होईल," ही भीती मला बऱ्याच आयांच्या बोलण्यात दिसली. नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, किशोरवयात बॅलेकडे वळला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. त्याच्यासारखी चिकाटी आणि गुरू प्रत्येकाला मिळेल असं नाही, पण तिसऱ्या वर्षी क्लास हुकला म्हणून काही हातचं जात नाही, हे त्यातून नक्की कळतं. आणि हो, तो मुलगा आहे. तुमच्या मुलाला नाचावंसं वाटत असेल तर त्यालाही तेवढ्याच मोकळेपणाने घाला.

मूल तयार आहे का, ते घरीच पाहा

यासाठी एक आठवडा पुरतो. सांगितलेली दोन कामं लागोपाठ करतं का? ("चप्पल ठेव आणि हात धू.") तुम्ही शेजारच्या खोलीत असताना वीस मिनिटं दुसऱ्या कोणाबरोबर रमतं का? शी-शू आली की सांगतं का? गाणं लावलं की आपणहून हलतं का? चारपैकी तीनांचं उत्तर 'हो' असेल तर एकट्याने क्लासला बसण्याइतकं मूल तयार आहे. अडीच-तीन वर्षांची मुलं बहुतेक नसतात, आणि त्यात काही वावगं नाही. त्यांच्यासाठी आईने किंवा आजीने सोबत बसायचा अर्ध्या तासाचा वर्ग मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर सहा महिने थांबा.

तब्येतीचं एक बोलून ठेवते. आपल्याकडे "पाय सपाट आहेत, नाचाने सुधारतील", "गुडघे एकमेकांना लागतात, बॅलेने सरळ होतील" असं म्हणून मुलांना क्लासला घालतात. लहान मुलांचे तळपाय सपाट दिसणं स्वाभाविक असतं, पायाची कमान हळूहळू पुढच्या काही वर्षांत तयार होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत वळलेले दिसणंही नेहमीचंच, ते साधारण सातव्या वर्षापर्यंत आपोआप सरळ होत जातात. मूल सारखं चवड्यांवरच चालत असेल आणि सांगूनही टाच टेकवत नसेल, तर मात्र क्लासच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आमची हौसेने चालत होती. "आता हत्तीसारखी चाल" म्हटलं की धपधप टाचा टेकवायची. तरीही एकदा डॉक्टरांना दाखवलं आणि मगच पुढे गेलो.

विचारायचं कुणाला

मोबाईलवर 'सोलापूर बॅले क्लास' टाकून जे मिळतं त्यावर थांबू नका. त्यात बॉलीवूड, झुंबा, लग्नाच्या संगीताचे नाच, सगळं एकाच टोपलीत असतं. मला खरी माहिती मिळाली ती माणसांकडून.

सगळ्यात उपयोगी पडलं ते नाचाचे पोशाख भाड्याने देणारं दुकान. गॅदरिंगच्या दिवसांत गावातले सगळे क्लास अशा दुकानांच्या पायऱ्या चढतात. कोणाकडे किती मुलं, कोण वेळेवर कपडे परत करतं, कोण पोरांवर ओरडतं, हे त्यांना पाठ असतं. मी विचारलं, "चार वर्षांच्या मापाचे कपडे कोण नेतं?" दुकानदारकाकांनी चार नावं सांगितली, आणि पाचवं स्वतःहून जोडलं, "तिथं बघा. त्या ताई पोरांना रडवत नाहीत ओ." शेवटी लेक त्याच ताईंकडे गेली.

दुसरा मार्ग म्हणजे बालवाडीच्या बाई. स्नेहसंमेलनाला लहान गटाचा नाच कोण बसवतं ते त्यांना विचारा. तिसरं, हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात एखाद्या नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम असेल तर जाऊन बसा. मोठ्या मुलींचे नाच सुंदर असणारच, तुम्ही सर्वांत लहान मुलांचा नाच बघा. ती प्रेक्षकांकडे बघून हसताहेत, चुकताहेत, एकमेकींना ढकलताहेत, तर क्लास चांगला आहे. एकसारखी हलणारी, विंगेत उभ्या बाईंकडे घाबरून बघणारी चार वर्षांची मुलं दिसली तर मी तो क्लास यादीतून काढते.

चौथा मार्ग थोडा लांबचा आहे पण करून पाहा. रॉयल अकादमी ऑफ डान्सच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत शिक्षक शोधण्याची सोय आहे. यादीत आपल्या गावचं कोणी नसलं तरी पुण्या-मुंबईतल्या एखाद्या शिक्षकाला फोन करून विचारा, "तुमच्याकडे शिकलेलं कोणी सोलापूरच्या बाजूला शिकवतं का?" लग्न होऊन, नोकरीच्या बदलीने मुली कुठे कुठे जातात. आपल्या गावात कोणी आलेली असली तर तिची पाटी नसते, पण तिच्या गुरूला ती ठाऊक असते.

हे सगळं जानेवारीच्या मध्यात करू नका. गड्ड्याच्या यात्रेत संध्याकाळी होम मैदानाच्या बाजूने जायचं म्हणजे अर्धा जीव रस्त्यातच जातो, आणि क्लासही निम्मे रिकामे असतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम. गॅदरिंगं झालेली असतात, शिक्षकांना बोलायला वेळ असतो आणि रोजचा खरा वर्ग पाहायला मिळतो. उन्हाळी शिबिरात मात्र मी एवढ्या लहान मुलाला घालणार नाही. पंधरा दिवसांत समारोपाचा नाच बसवायचा असतो, त्या घाईत तीन वर्षांचं मूल चेंगरतं, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर.

फोनवर काय विचाराल

प्रश्न थोडेच, पण नेमके. तुमच्या वर्गातलं सगळ्यात लहान मूल किती वर्षांचं आहे? एका वेळी किती मुलं असतात आणि सांभाळायला किती जण? वर्ग किती मिनिटांचा? पहिल्या तासाला मी आत बसू शकते का?

माझं माप असं आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना अर्धा ते पाऊण तास पुरे. एका शिक्षिकेमागे आठ-दहा मुलं, आणि शू लागली की नेणारी एक मदतनीस. तीन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची सगळी एकाच वर्गात असतील तर नको. त्यात लहान मूल एक तर मागे उभं राहून कंटाळतं नाही तर मोठ्यांच्या पायाखाली येतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "आई-बाबा आत असले की मुलं लक्ष देत नाहीत" हे खरं आहे, आणि महिनाभराने बाहेर थांबायला सांगितलं तर ते योग्यच आहे. पण पहिल्या दिवशीसुद्धा आत येऊ देत नाहीत, दाराला काच नाही, दार आतून लावून घेतात, अशी जागा असेल तर पुढचं काही विचारायचीच गरज नाही.

जमीन बघा, आरसा नंतर

प्रत्यक्ष जागा बघायला गेल्यावर सगळ्यांचं लक्ष आरशाकडे आणि रंगीत दिव्यांकडे जातं. तुम्ही खाली बघा.

बॅलेसाठी जी खास जमीन करतात तिच्यात लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, खाली थोडी पोकळी, वर लाकूड आणि त्यावर न घसरणारं व्हिनाइल. उडी मारली की जमीन किंचित दबते आणि धक्का स्वतःत घेते. आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये काय असतं? शहाबादी फरशी, नाही तर गुळगुळीत टाईल, आणि तिच्याखाली थेट काँक्रीट. ती दबत नाही. प्रत्येक उडीचा धक्का टाचेतून नडगीत आणि गुडघ्यात जातो. आठवड्यातून एकदा, दहा-बारा उड्यांनी काही होत नाही. पण तोच नाच गॅदरिंगसाठी महिनाभर रोज फरशीवर बसवला तर मुलं "पाय दुखतात" म्हणून रात्री उठतात. पाहिलेल्या एका क्लासमधल्या दोन आयांनी मला हेच सांगितलं.

तपासायची रीत सोपी आहे. चप्पल काढा, वर्गाच्या मध्यभागी उभ्या राहा आणि जोडपायांनी तीन उड्या मारा. लाज वाटू देऊ नका. 'ठक्' असा कोरडा आवाज आला आणि टाचेत कळ गेली तर खाली नुसती फरशी आहे, वर सतरंजी असली तरीही. 'धप' असा भरीव आवाज आला आणि पाय सुखावला तर खाली काहीतरी आहे. रबरी मॅटवर प्लायवूड टाकून वर व्हिनाइल अंथरलेलं असेल तर आपल्या गावच्या मानाने फार छान. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या जाड मॅट लोळायला, बसून खेळायला चांगल्या. गिरक्यांना मात्र पाऊल त्यात रुततं आणि घोटा लचकू शकतो. सतरंजी सरकते, म्हणून ती सगळ्यात वाईट. आणि टाईलवर मोजे घालून नाचवत असतील तर लगेच सांगा की आमचं मूल अनवाणी नाचेल.

त्याच फेरीत बाकीचंही पाहून घ्या. पंखे, बाथरूम किती लांब आहे, खिडक्यांना गज आहेत का, जिना कसा आहे, पावसाळ्यात दारातून पाणी आत येतं का.

शिक्षिकेला काय विचाराल आणि तिच्याकडे काय बघाल

एका क्लासची जाहिरात सुरेख होती. पहिल्या मजल्यावरचा हॉल, समोर भिंतभर आरसा. आत गेले तेव्हा सहाएक वर्षांची एक मुलगी दोन्ही पाय फाकवून स्प्लिट करत होती, आणि शिक्षिका तिचे खांदे वरून दाबत होती. मुलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ती आवाज काढत नव्हती. शेजारी बसलेल्या आईने मला समजावलं, "सुरुवातीला दुखतंच." मी लेकीचा हात धरून खाली उतरले. लहान मुलाचं शरीर वाकतं म्हणून ते वरून दाबायचं नसतं. जितकं ते आपणहून जाईल तितकंच जाऊ द्यायचं. दाबल्याने स्नायू ओढले जातात, जांघेत इजा होते, आणि आपलं दुखणं बोलायचं नाही हे मूल शिकतं. मला त्यातलं हे शेवटचं सगळ्यात भयंकर वाटतं.

असंच पायांचं. बॅलेत पावलं बाहेर वळवून उभं राहतात, पण ते वळण खुब्यातून यायला हवं. लहान मुलाची पावलं हाताने धरून सरळ रेषेत फिरवली की गुडघा पिळला जातो. आमच्या ताई मुलांना सांगतात, "टाचांना टाचा लावा आणि मध्ये चतकोर भाकरी ठेवा." भाकरीचे चार तुकडे केल्यावर एका तुकड्याला जेवढी फाक असते तेवढीच पावलांमध्ये. त्याहून जास्त कोणी करायला लागलं तर त्या म्हणतात, "अर्धी भाकरी नको गं, एवढी भूक नाही." मुलं खिदळतात आणि पाय आपोआप जवळ येतात.

टोकाच्या कडक बुटांबद्दल, ज्यांना पॉइंट शूज म्हणतात, कोणी पाच-सात वर्षांच्या मुलीसाठी बोलत असेल तर तो क्लास सोडा. पायाची हाडं तेव्हा पक्की झालेली नसतात. चांगले शिक्षक साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी आणि काही वर्षं नीट शिकल्याशिवाय ते बूट पायात घालू देत नाहीत.

शिक्षण कुठे झालं हे विचारण्यात संकोच नको. कोणाकडे, किती वर्षं, कुठली परीक्षा? प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्यावर संस्थेचं नाव आणि परीक्षेचं नाव वाचा. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही चौकटीत तेवढंच छान दिसतं. पण सगळा भार कागदावर टाकू नका. मी ज्यांच्याकडे थांबले त्या ताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "मी मुळात भरतनाट्यमची आहे. बॅले दोन वर्षं पुण्याला जाऊन शिकले, परीक्षा दिलेली नाही. लहानांना पाया म्हणून जेवढं येतं तेवढं घेते. सात-आठ वर्षांनंतर हिला पुढे शिकायचं असेल तर तुम्हाला दुसरीकडे जावं लागेल." एवढं स्पष्ट बोलणारी शिक्षिका मिळाली की निम्मं काम झालं समजा.

मग मी त्यांचा पूर्ण वर्ग बसून पाहिला. नऊ मुलं गोलात पाय पसरून बसली होती. ताई म्हणाल्या, "बोटं झोपली," आणि अठरा पावलं पुढे ताणली गेली. "बोटं उठली," आणि सगळी बोटं छताकडे. इंग्रजी क्लासात हाच खेळ 'गुड टोज, नॉटी टोज' म्हणून घेतात. पावलाची ताकद आणि घोट्याचं वळण यातूनच येतं. एका मुलाची बोटं झोपतच नव्हती, तो त्यांच्याशी बोलत बसला होता. ताई सरकत त्याच्याजवळ गेल्या, स्वतःचं पाऊल त्याच्या पावलाशेजारी ठेवलं आणि काही न बोलता ताणलं. त्याने बघितलं, आपलंही ताणलं. हात लावला नाही, नाव घेऊन ओरडल्या नाहीत. मी तिथेच बसल्या बसल्या यांना मेसेज टाकला, "मिळाला क्लास."

सुरक्षिततेचं स्पष्ट बोला

हे बोलताना अवघड वाटतं, पण प्रवेशाआधीच बोला. पाऊल सरळ करायला, पाठ दाखवायला शिक्षक हात लावणार. तो कुठे, कसा आणि मुलाला विचारून लावतात का, हे विचारा. बाथरूमला कोण नेतं? कपडे बदलायची जागा कुठे आहे? सुटल्यावर मूल फक्त ठरलेल्या माणसाच्याच ताब्यात देतात का? रिक्षावाले काका न्यायला येणार असतील तर त्यांचा फोटो आणि नंबर क्लासला देऊन ठेवा. मुलांचे फोटो आणि रील टाकण्याआधी तुमची परवानगी घ्यावी, असं फॉर्मवरच लिहून घ्या. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक पालकाच्या मोबाईलमध्ये असायला हवा. चांगल्या शिक्षिकेला या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या ताईंनी उलट विचारलं, "आजी घ्यायला आल्या तर मी त्यांना ओळखणार कशी?"

कपडे, बूट, वेळ आणि फी

कपड्यांवर सुरुवातीला खर्च करू नका. अंगाला बसणारा टी-शर्ट आणि गुडघ्याच्या वर येणारी चड्डी पुरते, कारण गुडघे दिसले तरच शिक्षिकेला चूक दिसते. लेकीला झगा हवाच असेल तर आपलं गाव शाळेच्या गणवेशांसाठी नावाजलेलं आहे; ओळखीच्या शिंप्याकडे जाळीच्या कापडाचा इलॅस्टिक घातलेला छोटा घेर सहज शिवून मिळतो. आतून सुती अस्तर लावायला सांगा, जाळी मांडीला टोचते. क्लासला जाताना पैंजण, बांगड्या आणि गळ्यातला दोरा काढून ठेवा. केस वर बांधले की झालं, पण आकडे नकोत, मुलं जमिनीवर लोळतात.

बॅलेचे मऊ बूट महिनाभर तरी घेऊ नका. अनवाणी पाय जमीन धरतो आणि या वयाला तेच चांगलं. नंतर घ्यायचेच तर कापडी किंवा मऊ चामड्याचे, अखंड तळाचे घ्या. माप संध्याकाळी घ्या, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. 'वाढत्या अंगाचे' म्हणून एक नंबर मोठा घ्यायची आपली सवय इथे नडते. सैल बुटात मूल अडखळतं. मोज्यासारखा घट्ट बसला पाहिजे, बोटं मात्र दुमडायला नकोत. पुढच्या दोरीची गाठ मारून ती आत खोचा.

वेळ ठरवताना मुलाची दुपारची झोप मोडू नका. झोपेतून उठून, थोडं खाऊन तासभर झालेला असावा. उन्हाळ्यात साडेपाचच्या आधीचा वर्ग नको. घरापासून वीस मिनिटांहून लांबही नको, आठवड्यातून एकदा किंवा फार तर दोनदा.

फी महिन्याची भरा. वर्षाची एकदम भरली की सवलत देतात, पण लहान मूल दुसऱ्या महिन्यात "नाही जायचं" म्हणू शकतं आणि आपण भरलेल्या पैशांसाठी त्याला ओढत नेतो. प्रवेश फी, गॅदरिंगचा पोशाख, सभागृहाचा वाटा, मेकअप, हे सगळं वेगळं आहे का ते आधी विचारून कागदावर घ्या. डिसेंबरात कळलं की त्रास होतो.

पहिले तीन तास

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, रिकामा हॉल मुलाला फिरून बघू द्या. "छान नाच हं, सगळ्यांना दाखव" असं सांगू नका. "मी या खुर्चीत बसणार आहे" एवढं पुरे, आणि मग खरंच त्या खुर्चीत बसा. माझी लेक पहिला पूर्ण तास माझ्या मांडीवर होती. दुसऱ्या वेळी गोलाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिसऱ्या वेळी संगीत लागल्यावर धावली. घरी मात्र पहिल्याच रात्री तिने आजीला "बोटं झोपली" शिकवलं होतं. मांडीवर बसून ती सगळं शिकत होती. म्हणून तीन तास होईपर्यंत मत बनवू नका. तीननंतरही क्लासचं नाव काढताच पोटात दुखत असेल, रात्री दचकत असेल, तर मात्र कारण शोधा, आणि शोधेपर्यंत पाठवू नका.

बॅले मिळालाच नाही तर

पुणे अडीचशे किलोमीटर आहे. दर रविवारी सकाळी गाडी पकडून पाऊण तासाच्या वर्गासाठी चार वर्षांचं मूल नेणं मला पटत नाही. प्रवासातच ते थकतं. सात-आठ वर्षांची झाल्यावर, हौस टिकलेली असेल तर सुट्टीतली कार्यशाळा म्हणून जरूर न्या. ऑनलाईन वर्ग पाच वर्षांखाली मला उपयोगाचे वाटले नाहीत, आईच सोबत नाचणार असेल तर गोष्ट वेगळी. पडद्यावरच्या शिक्षिकेला मुलाचा गुडघा कुठे वळलाय ते दिसत नाही.

गावात भरतनाट्यमचा चांगला वर्ग असेल तर तो नक्की पाहा. अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, ही बॅलेतल्या पहिल्या प्लीएची सख्खी बहीण आहे. दोन्हीत वळण खुब्यातून हवं, पाठ सरळ हवी. अनेक गुरू पाच-सहा वर्षांनंतरच घेतात आणि ते बरोबरच आहे. पाय आपटण्याचे अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ हालचाली, जमिनीवर जोरात पडतात, म्हणून तिथेही उडीची परीक्षा करा. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा वगैरे विषय निघेल, पण पाच वर्षांखाली परीक्षेचं नावही काढू नका.

आणि घरी रोज दहा मिनिटं. मॅट अंथरा, शब्द नसलेलं संथ संगीत लावा. बोटं झोपली, बोटं उठली. खुर्चीला धरून चतकोर भाकरीत उभं राहून चार वेळा गुडघे वाकवायचे. मग खोलीभर चवड्यांवर चालायचं, संगीत थांबलं की पुतळा. शेवटी पाठीवर पडून पोटावर मऊ खेळणं ठेवायचं आणि श्वासाबरोबर ते वर-खाली होताना बघायचं. आमच्याकडे यात आता आजोबाही असतात, त्यांचे गुडघे वाकत नाहीत म्हणून ते पुतळा होतात.

तीन महिन्यांनी एकदा शांतपणे पाहा. मूल संगीत ऐकून थांबतं का, पाळीची वाट बघतं का, पडलं तर उठून पुन्हा करतं का, घरी आपणहून नाचतं का? स्प्लिट किती झाली, पाय किती उंच गेला हे बघू नका. चार महिने झाले आणि हौस विझली असेल तर तो महिना संपताच थांबवा, शिक्षिकेला फोन करून नीट कारण सांगा आणि पुढच्या जूनमध्ये मुलालाच पुन्हा विचारा.